दाऊदचा अमेरिकेतला पूर्वज

दुबईत अल क्वोजच्या माझ्या वर्कशॉपवर दर जुम्म्याला चार दोस्त जमतात. काम बंद, तोंडं चालू. लोखंडाचा कीस झाडून निघतो, किस्से साचतच जातात. सध्याचा ढीग सगळा दाऊदचा.

दाऊद सुतार, माझ्याच गावचा, रत्नागिरीकडचा. मिसरूड फुटल्यापासून एकच सांगतो. "आमचा पूर्वज जहाजावर खलाशी होता. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा तिथं उतरला!" गाव हसतं. आता तो दुबई सोडून कायमचा गावी चाललाय. त्याआधी पुरावा हवा. म्हणून त्याची नात सना, आजोबांना 'दादा' म्हणणारी, कॉम्प्युटरवर अमेरिकेतले जुने कागद शोधायला बसली.

*

मी विचारलं, "तो अमेरिकेत राहिला, तर तू रत्नागिरीत कसा जन्मलास?"

"बायकापोरं गावी ठेवून गेला. तू काय वेगळं केलंस?"

मी चहा मागवला.

*

सनाने विचारलं, "पूर्वजाचं नाव?"

"इब्राहिम हसन."

"त्याचा मुलगा?"

"हसन इब्राहिम."

"त्याचा?"

"इब्राहिम हसन."

आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव देतात. कॉम्प्युटरने सगळे इब्राहिम एकच धरले. सना ओरडली, "दादा, ही इज हिज ओन ग्रँडफादर!"

दाऊद खूश. "बघ, किती जुनं घराणं!"

*

दाऊदचा मेहुणा रशीद अबू धाबीकडे रुवैसच्या रिफायनरीत कामाला आहे. दाऊदने फोन केला. "अमेरिकेत गेलेल्या इब्राहिमबद्दल तुला काही माहीत आहे?"

रशीद घाबरला. "हबीबी, मी काही पाहिलं नाही. मी तेव्हा ड्युटीवर होतो!"

*

अमेरिकेतल्या जुने कागद सांभाळणाऱ्या एका कचेरीने नात्याचा पुरावा मागितला. दाऊदने लगेच पाठवला. पासपोर्ट कॉपी, व्हिसा कॉपी, एमिरेट्स आयडी, पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो!

उत्तर आलं, तुमचे नकोत, त्यांचे कागद पाठवा.

दाऊद भडकला. "त्याचे असते तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

*

मागच्या जुम्म्याला सना धावत आली. मागून तिची आजी, दाऊदची बायको जुलेखाभाभी, बिर्याणीचं पातेलं घेऊन.

"दादा, फाउंड हिम!"

तिथल्या जुन्या वर्तमानपत्रात एका मालकाची जाहिरात होती. भाभीने दटावलं, "मराठीत सांग." सना अडखळत सांगू लागली.

"इब्राहिम नावाचा हिंदुस्थानी नोकर पळाला आहे. बुटका. बोलायला लागला की थांबत नाही. काम सोडून आजोबांच्या जहाजाच्या बढाया मारतो."

आम्ही सगळे दाऊदकडे बघू लागलो. दाऊदचे डोळे भरले. "आमचाच! खलास! आता हसू दे गावाला!"

"वेट, दादा. अजून आहे. पकडून आणणाऱ्याला बक्षीस मिळेल."

भाभीने पातेलं खाली ठेवलं. "बक्षीस अजून चालू आहे का, विचार गं. मी ह्यांना आत्ता नेऊन देते!"