कातळाविरुद्ध अर्ज

आमच्या अंधेरीत माणसाला दोनच गोष्टींची अक्कल असते: स्वतःच्या फ्लॅटचा भाव आणि शेजाऱ्याच्या फ्लॅटचा भाव. इमारतीच्या मागे साडेसहा कोटी वर्षांचा कातळ उभा आहे असं मी एकदा चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना लिफ्टमध्ये सांगितलं, तर ते म्हणाले, "मग त्याच्यामुळे रेट कमी होतो का?" गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं आणि माझ्या मजल्यावर उतरले.

मी मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. सोसायटीच्या कुंपणापलीकडे काळ्या दगडाचे उभे खांब आहेत, एकमेकांना चिकटून, तीन मजल्यांएवढे उंच. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या, तळ्यातला चिखल सुकताना पडतात तशा. कुठल्या खांबाला पाच बाजू, कुठल्या खांबाला सहा. दरवर्षी सहावीचा वर्ग मी तिथे न्यायचे आणि बोट लावून बाजू मोजायला सांगायचे. दगडाच्या कडेवरून बोट फिरायला लागलं की वर्ग गप्प व्हायचा. एरवी मुख्याध्यापकांनाही तो कधी गप्प करता आला नाही. माझा या कातळावर जीव होता. नवऱ्यावरही होता, पण त्याच्याशी भांडणं व्हायची.

म्हणून उपनगरांचं भू-उद्यान करायचं ठरलं तेव्हा मी वेड्यासारखी खूश झाले. मढच्या किनाऱ्यावरचे खडक, बोरिवलीच्या जंगलातली लेणी ज्यात कोरली तो दगड आणि आमचा कातळ, हे सगळं जोडून पर्यटकांना दाखवायचं अशी योजना होती. मला 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून समितीवर घेतलं.

पहिल्याच बैठकीत खूश होणं संपलं. योजनेचे सल्लागार चकचकीत बूट घालून आले होते. त्यांनी दगड बहुतेक स्वयंपाकघराच्या ओट्यावरच पाहिला असावा. मला म्हणाले, "मॅडम, हा व्हॉल्कॅनो अजून ॲक्टिव्ह आहे का? असेल तर मार्केटिंगला झकास!" एका सभासदाला मधोमध डायनासोर हवा होता. दुसऱ्याला कातळावर रंगीत दिवे. चहाबरोबर सामोसे आले तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं. कोपऱ्यात कामाचा इंजिनियर बसला होता, माझाच जुना विद्यार्थी. सहावीत असताना याने नकाशात अरबी समुद्र कोलकात्याला नेऊन ठेवला होता. आता कातळ याच्या हातात म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या बैठकीत आराखडा भिंतीवर दाखवला. पर्यटकांच्या सुरक्षेसाठी कातळावर लोखंडी जाळी मारून तिच्यावर सिमेंटचा जाड थर फवारायचा. आणि मूळ खांब कसे होते ते लोकांना कळावं म्हणून त्याच्यासमोर फायबरचे सहाकोनी खांब उभे करायचे.

मी म्हटलं, "उद्या सिंह दाखवायचा म्हणून पिंजऱ्यावर गोधडी टाकाल आणि बाहेर प्लास्टरचा सिंह ठेवाल!"

सल्लागारांनी ते लिहून घेतलं. त्यांना ती सूचना वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्या इंजिनियरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. तो खुर्चीवरून उठला. "बाई, बसा ना. चहा सांगू?"

"चहा नको. ही सिमेंटची अवदसा कुणाला सुचली ते सांग."

"बाई, कातळ धोकादायक म्हणून नोंदलेला आहे. मग पर्यटक कसे सोडणार?"

"कुठल्या शहाण्याने नोंदवलाय? अरे, जन्मात एक खडा पडलेला नाही त्याच्यावरून."

त्याने फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. वरच आमच्या सोसायटीचं पत्र होतं आणि खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही.

उपनगरात अर्ज कसा लिहितात ते सांगायला हवं. गटार तुंबलं, झाडाची फांदी वाढली, नाक्यावरचा दिवा गेला, काहीही असो, अर्जात 'जीवितास धोका' लिहिल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आठ वर्षांपूर्वी सोसायटीची मागची भिंत कोसळली. बिल्डरने ती वाळूत चिमूटभर सिमेंट घालून बांधली होती, कोसळायचीच होती. पण ती स्वतः बांधायची कुणाची तयारी नव्हती. मग मी अर्ज लिहिला. कातळावरून वारंवार दगड सुटतात, त्यांच्या माऱ्याने भिंत पडली, रहिवाशांच्या जीवितास धोका आहे, तरी त्वरित कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. भाषा माझी चांगलीच. सभेत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. सरकारी खर्चाने भिंत उभी राहिली आणि मी तो अर्ज विसरून गेले.

"दुसरा कुठलाच कागद नाहीये बाई," तो म्हणाला. "आणखी कुणी लिहिलं असतं तर मी जाऊन तपासलं असतं. पण सही तुमची. म्हटलं, बाई या कातळाबद्दल उगाच काही लिहिणार नाहीत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग तोच म्हणाला, "तुम्ही लिहून द्या ना, की तेव्हाचं बरोबर नव्हतं. मी फाइल परत फिरवतो. काम सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत."

मी सोसायटीची सभा बोलावली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आधी उठले. "बाई, वाट लावाल सगळ्यांची! भिंतीची चौकशी लागेल. आणि रिडेव्हलपमेंट तोंडावर आलीय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि घरी येऊन कोरा कागद पुढ्यात घेतला.

त्यांची परवानगी मला नको होती. सही माझी, खोटं माझं, दोन ओळींचं काम. 'मी खोटं लिहिलं होतं' एवढंच लिहायचं होतं. पण मला तो इंजिनियर दिसायचा, खुर्चीवरून उठलेला. त्याच्या फाइलमध्ये माझ्या हातचं ते वाक्य कायमचं राहील, तो ते आणखी कुणाला दाखवेल, बाई थापा मारत होत्या असं माझे विद्यार्थी म्हणतील, या विचाराने हात पुढे जाईना. दुसऱ्यांना अक्कल शिकवण्यात माझा जन्म गेला आणि दोन ओळी लिहिण्याएवढी हिंमत माझ्यात नव्हती. पंधरा दिवस तो कागद टेबलावर पडून होता. सोळाव्या दिवशी मी त्यावर वाण्याची यादी लिहिली.

सिमेंट मारायला आठवडासुद्धा लागला नाही. मी मागची खिडकी बंद ठेवली होती.

उद्घाटनाला मला मंचावर बसवलं. शाल, नारळ, सगळं घेतलं. फायबरच्या खांबांपुढे लोक फोटो काढत होते. सगळ्या खांबांना सहाच बाजू, कारण साचा एकच होता. सल्लागारांनी माझा उल्लेख 'या कातळाची आई' असा केला आणि मला बोलायला उभं केलं. भाषण मी आदल्या दिवशी लिहून आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'या कातळावरून आजवर एक खडाही पडलेला नाही.' त्या ओळीपाशी आले तेव्हा मी मान वर केली. पहिल्या रांगेत तो इंजिनियर वर्गात बसावा तसा हाताची घडी घालून ऐकत होता. मी ती ओळ सोडून पुढची वाचली.