गावकीच्या खोलीचा पत्ता

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. आता पन्नाशी उलटली, तरी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं तेव्हा मी लालबागच्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होतो. केसपेपर काढायचा, नोंदवहीत नाव, पत्ता, दुखणं लिहायचं, एवढंच काम. गोळीबारात जखमी झालेले लोक मोठ्या इस्पितळात जायला घाबरत. तिथे पोलीस बसलेले असत. म्हणून ते आमच्याकडे येत.

त्यांत एक मालवणी विणकर होता. पोटरीला गोळी चाटून गेलेली. हळूच म्हणाला, "भाऊ, पत्तो लिवू नका हां. आमची गावकीची खोली. बारा जण रवतत."

एका गावचे गडी मिळून एक खोली घेत आणि पाळीपाळीने झोपत. एकाचा पत्ता म्हणजे बारा जणांचा पत्ता. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "पत्त्याशिवाय केसपेपर निघत नाही."

साफ खोटं. रिकाम्या रकान्याकडे डॉक्टरांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. तो फक्त मला खुपत होता. रक्त गळणाऱ्या माणसाला मी तसंच उभं ठेवलं. शेवटी त्याने पत्ता सांगितला.

दोन दिवसांनी छातीला आंदोलनाचा बिल्ला लावलेला एक जण आला. "झालाच पाहिजे!" म्हणत त्याने मूठ वर केली. मीही केली. तेव्हा असं म्हणणारा प्रत्येक माणूस आपलाच वाटायचा.

"आपल्या जखमींच्या घरी औषधं पोचवायचीत," तो म्हणाला. "पत्ते मिळतील?"

ना नाव विचारलं, ना कुणी पाठवलं ते. वर त्याला चहा पाजला आणि सगळे पत्ते स्वतःच्या हाताने उतरवून दिले. "वा! काय अक्षर आहे! मास्तर व्हायला हवं होतं तुम्ही," तो हसून म्हणाला. मी खूश झालो, मूर्ख!

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोलिसांनी ती अख्खी खोली उचलली. त्यात रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला एक जण होता. मोर्चा कुठून निघाला हेही त्याला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी विणकर सुटून आला. जखम चिघळली होती. कंपाउंडर रजेवर, म्हणून पट्टी मीच सोडत होतो.

"खोली मोडली, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या चुलतभावान पत्तो सांगल्यान. दुसरो कोण सांगतलो? तेच्या घरचा पाणी आता गावात कोण पियत नाय."

त्याची टाच माझ्या मांडीवर होती. 'मी दिला' एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

"पाय जरा वर घ्या," मी म्हणालो.

त्या बिल्लेवाल्याला मी अनेक वर्षं शिव्या घातल्या. पण तो तर फसवायलाच आला होता. या विणकराने नको नको म्हणत पत्ता माझ्या हवाली केला होता, आणि तो राखणं माझं काम होतं. पट्टी बांधून झाल्यावर तो भिंत धरत बाहेर पडला. रस्ता ओलांडेपर्यंत तो मला खिडकीतून दिसत होता. हाक ऐकू गेली असती.