बहिणीचं घ्यायचं न्हाई

फलटणजवळच्या त्या गावात दादासो डॉक्टरला सगळे ‘कुत्र्यांचा डॉक्टर’ म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? सांगलीला शिकून एवढा मोठा झाला, पण गावाकडं येऊन कुणाचा ताप-खोकला बघेल तर शपथ! प्रयोगशाळेत एका कुत्र्याची किडनी काढायची, दुसऱ्याला बसवायची आणि त्याचं अंग ती परकी किडनी ठेवून का घेत नाही, हे शोधत बसायचं. दहा-बारा वर्षं हाच उद्योग. पलटणीतनं पेन्शनीत आलेला थोरला भाऊ नानासो मात्र पारावर छाती काढून सांगायचा, "हसा लेकानू, हसा! एक दिवस मानसाची बी बसवंल त्यो."

त्याला तो तोरा शोभायचा. आईबाप गेल्यावर स्वतःचा पगार आणि उसाचं उत्पन्न, दोन्ही त्यानं धाकट्याच्या शिक्षणात घातलं होतं.

१९७६ साली नानासोच्या तोंडावर सूज आली. दादासोनं त्याला सांगलीला आणलं, रक्त-लघवी तपासली आणि रिपोर्ट हातात धरून तसाच उभा राहिला. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. त्यानं साबण लावून हात धुतले, परत धुतले.

दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात एव्हाना माणसांना किडनी बसवायला लागले होते. तिथले सर्जन त्याच्या ओळखीचे, ते तयारही झाले. दादासोचं रक्त भावाशी जुळेना. जुळलं ते दोघांच्या मधल्या बहिणीचं, पलूसला दिलेल्या हरणाबाईचं. तिनं तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "दोन हायत न्हवं? मग एक काढ की! त्यात इचारायचं काय?" दाजीही हो म्हणाले.

अडला तो नानासो.

"बहिणीचं घ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "बहिणीला द्यायचं आसतं."

आता ह्याला काय म्हणावं! पलूसला गेला तर बहिणीच्या घरचा चहा प्यायचा, पण बशीखाली नोट ठेवल्याशिवाय उठायचा नाही, असला हा गडी. दादासोनं नाना तऱ्हांनी समजावलं. पाया पडला, चिडला, मरशील म्हणाला. नानासो आढ्याकडं बघत पडून राहिला.

शेवटी हरणाबाई स्वतःच आली. नानासोच्या खाटेजवळ बसली, पदर सावरला आणि सरळ बोलली, "आण्णा, बा गेल्यावर तलाठ्याम्होरं माजा अंगठा घेतलास. माज्या वाटणीचं रान सोडून दिलं म्या, आन तू मला एक लुगडं घेतलंस. तवा न्हाई म्हनलास, बहिणीचं घ्यायचं न्हाई म्हणून?"

दादासोला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्याच रानातल्या उसावर तो डॉक्टर झाला होता. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

नानासोनं आढ्यावरची नजर तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, "तवा घेतलं, हरणे. म्हणून तर आता न्हाई घेत."

त्यापुढं तो ह्या विषयावर बोललाच नाही. दिवाळीआधी गेला.

कार्य उरकलं, पाहुणे पांगले. बहीणभाऊ सोप्यात बसले होते. दादासोला दुःख होत नव्हतं, रागही येत नव्हता. सगळं बधिर. सोमवारी प्रयोगाला कोणती कुत्री घ्यायची एवढंच डोक्यात घोळत होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

"दादासो," हरणाबाई म्हणाली, "उद्या तुला आसं झालं तर माजी घेशील का रं?"

व्हय म्हणायला काय लागतं! अंगानं दुसऱ्याची किडनी ठेवून घ्यावी म्हणून झटण्यातच त्याची उमर गेली होती. त्यानं तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून उठला आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुवायला लागला.

हरणाबाईनं जरा वाट बघितली. मग "बरं," म्हणाली आणि पलूसला निघायची पिशवी भरायला आत गेली.