झेंडूचा हार घेऊन कँटनला

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलचे लोक उन्हाळ्यात नायगारा बघायला जातात, डोंगरात जातात. आम्ही गेलो ओहायोतल्या कँटन गावी, ब्राँझची डोकी बघायला. हसू नका. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे आणि ही ट्रिप माझ्याच सुपीक डोक्यातून निघाली होती.

झालं असं, की आमच्या सोळा वर्षांच्या सुजाताला हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये जायचं होतं. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन. हेल्मेट घालून रेड्यांसारखे एकमेकांवर धडकतात तो. तिला त्यात किकर व्हायचं होतं. म्हणजे मैदानात यायचं, बॉलला लाथ घालून तो दोन खांबांच्या मधून पलीकडे पाठवायचा आणि परत जाऊन बसायचं. "आई, नोबडी टचेस द किकर!" हे मी महिनाभर ऐकत होते. सोमवारी ट्रायआउट, म्हणजे निवडचाचणी होती. मी ठाम नाही म्हणत होते आणि आमचे हे, मिलिंद, तळ्यात-मळ्यात करत होते.

शेवटी ठरलं, की बाबा म्हणतील तसं. बाबा म्हणजे माझे सासरे, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले, टपाल खात्यातून रिटायर. त्यांचा शब्द घरात कोणी मोडत नाही. मी विचार केला, या खेळात हाडं कशी मोडतात ते म्हाताऱ्याला एकदा दाखवलं की काम फत्ते! कँटनला या खेळाचं भलंमोठं म्युझियम आहे. देशभरच्या प्रोफेशनल टीम्समधल्या सगळ्यात मानाच्या खेळाडूंचे अर्धपुतळे तिथे मांडलेत. मिलिंद तर एका पायावर तयार. शिकागोची टीम हरली की हा माणूस रविवारी धड जेवत नाही.

शनिवारी सकाळी निघताना बाबा खाण्याच्या थंड पेटीत काहीतरी ठेवत होते. बघते तर मागच्या वाफ्यातल्या झेंडूचा हार, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"बाबा, हे कशाला?"

"पुतळे आहेत म्हणतेस ना? मग रिकाम्या हातानं जायचं काऊन?"

आता काय बोलणार! दर जयंतीला पहाटे आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, रांगेत उभं राहून बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारा माणूस तो. पुतळा म्हणजे हार, हे त्यांच्या लेखी सरळ होतं. मी दह्याचा डबा सरकवून जागा करून दिली.

इंडियानाचा टोल रोड म्हणजे मका, मका आणि मका. जाणार असाल तर टोलसाठी सुटे पैसे हाताशी ठेवा आणि खाण्याचं घरून न्या, नाहीतर प्रत्येक थांब्यावर तोच बर्गर. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांभारवडी होती. सांभारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, मी मुद्दाम केली होती, बाबांचा जीव की प्राण. पण पोरगी माझ्यावर गेलेली. थांब्यावरच्या टेबलावर तिने केचपच्या पुड्या मांडून आजोबांना अख्खा खेळ समजावला आणि माझ्याच वड्या त्यांना भरवत बसली.

मिलिंदही सुरू झाले. "बाबा, फार मोठा खेळाडू असला ना, की टीम त्याचा जर्सीवरचा नंबर रिटायर करते. मग तो नंबर पुन्हा कोणालाच देत नाहीत."

"म्हणजे नंबराले पेन्शन?" बाबा म्हणाले. "आमच्या खात्यात माणसाले मिळेपर्यंत चपला झिजल्या."

ओहायोत घड्याळ एक तास पुढे जातं, हे आम्ही विसरलो. पोचलो तेव्हा म्युझियम बंद होत होतं. हायवेलगतच्या मोटेलमध्ये रात्र काढली. खोली स्वस्त होती आणि तिला वास तसाच होता.

रविवारी सकाळी दार उघडायलाच हजर. इमारतीच्या डोक्यावर उभ्या फुटबॉलचा अर्धा भाग बाहेर आलेला. बाबांनी मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "लिंबू पिळायचं होय का हे?"

आत मी लगेच कामाला लागले. "बाबा, हे बघा, पूर्वी चामड्याच्या टोप्या घालून खेळायचे. डोकी फुटायची हो! आणि हा बघा, तुटलेल्या गुडघ्यावर बांधायचा पट्टा." बाबा हूं हूं करत होते. सुजाता दुसऱ्या कानाशी, "आजोबा, लुक, हे किकर्सचे बूट!" म्हातारा मधोमध, इलेक्शनच्या आदल्या दिवशीच्या मतदारासारखा. मिलिंद शिकागोच्या काचेसमोर गेलेले ते हलायलाच तयार नाहीत.

मग आली डोक्यांची खोली. मंद उजेड, शांतता आणि भिंतीभर ओळीने ब्राँझची डोकी. कोणाचं नाक वाकडं, कोणाची मान बैलासारखी. बाबांनी काय करावं? दारातच चपला काढल्या, पिशवीतून हार काढला आणि एका डोक्यासमोर हात जोडून उभे राहिले. गार्ड लगबगीने आला.

"सर, युवर शूज. अँड प्लीज, डोंट टच."

मी मध्ये पडले. आमच्याकडे थोर माणूस गेला की त्याचा पुतळा उभारतात, मग त्याला हार घालतात, वगैरे इंग्रजीत सांगितलं. एवढ्यात मागून काठीचा टकटक आवाज आला. दारात मावेल न मावेल असा धिप्पाड म्हातारा. म्हणाला, "मॅडम, मी अजून गेलो नाही." आणि बोट दाखवलं. हात जोडले होते ते डोकं त्याचंच होतं!

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिवंत माणसाला श्रद्धांजली! पण बाबा कसले गडबडतात. एकदा डोक्याकडे बघितलं, एकदा माणसाकडे, आणि म्हणाले, "मग सत्कार करू." टाचा उंच करून हार सरळ त्याच्या गळ्यात! त्याला मान वाकवता येईना, म्हणून सुजाताने मागून ओढून बसवला. गार्डने टाळ्या वाजवल्या. म्हातारा खूश झाला.

ही संधी मी सोडणार? हार नीट करताना त्याची बोटं दिसली होती, आल्याच्या गाठीसारखी. गोड आवाजात विचारलं, "सर, यू मस्ट हॅव गॉट हर्ट अ लॉट?"

त्याने यादीच वाचली. खांदा, बरगड्या, दोन्ही गुडघे. "अजूनही काही सकाळी शर्टाची बटणं बायको लावते," तो हसत म्हणाला. मी बाबांना शब्द न् शब्द मराठीत सांगितला, जरा मीठमसाला लावून. बाबांचा चेहरा उतरला. सुजाता खाली बघायला लागली. आता शेवटचा घाव! "माझ्या मुलीला खेळायचंय, सर. तुमची नात असती तर?"

"नो, मॅम. कधीच नाही."

जिंकले! मी मिलिंदना शोधायला वळलेसुद्धा. तेवढ्यात त्याने सुजाताला विचारलं, "कुठली पोझिशन?"

"किकर," ती पुटपुटली.

तो हार हलेपर्यंत हसला. "अगं, किकर! ते कुठे फुटबॉल खेळतात? स्वच्छ कपड्यात येतात, स्वच्छ कपड्यात जातात. त्याला काय लागतं!"

आणि काय सांगू, माझं डोकं सणकलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अहो, माझ्या पोरीला मी काय वाटेल ते बोलेन, हा कोण टिकोजीराव? "काय लागतं? काय लागतं म्हणे! अंगावर अकरा रेडे धावून येतात, सगळं मैदान तुमच्याकडे बघतं आणि एकच लाथ मारायला मिळते. शी इज गुड! व्हेरी गुड! चला बाहेर, दाखवते!" अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, पण त्याला पोचलं.

मिलिंदच्या गाडीत बॉल होता. बाहेरच्या हिरवळीवर सगळे जमलो, गार्डसकट. सुजाता म्हणाली, कोणीतरी बॉल उभा धरायला हवा. मिलिंदनी खिशात हात घातले. झालं! मी सलवार सावरून गुडघ्यावर बसले, बॉलच्या टोकावर एक बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

"आई, हलू नकोस हं."

"तू मार गं बाई."

पावलांचा आवाज जवळ आला, धप्प झालं, बोटाखालून काहीतरी उडून गेलं. डोळे उघडले तर बॉल रस्त्याकडेच्या मेपलच्या शेंड्यावरून पलीकडे. म्हाताऱ्याने हाराला हात लावला आणि तेवढंच म्हणाला, "वेल." सुजाता माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. तिला बॉल मारताना मी आजवर कधी बघितलंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर इंडियाना लागलं. मग मीच विचारलं, "बाबा, तुमचं काय मत?"

"माझं काय विचारतेस, वंदना? बोट कोणी ठेवलं होतं?"

"मी अजूनही नाहीच म्हणतेय," मी म्हटलं. मिलिंद आरशातून हसले. मी खिडकीबाहेर मका मोजत बसले.

सोमवारी मी तिला शाळेत सोडलं आणि, उगाच म्हणा, गाडीतच थांबले. बाकी पोरांच्या किका झाल्या. सुजाताची पाळी आली तर बॉल धरायला कोणी पुढे येईना. मुलीसाठी कोण गुडघे टेकणार? एक जण बुटाची नाडी बांधत बसला, दुसऱ्याला तहान लागली. कोच शिट्टी चावत घड्याळ बघत होता. ती एकटी उभी होती, बॉल पोटाशी धरून.

मी गाडीचं दार उघडलं. अख्खं मैदान चपला फटफटवत पार केलं.

"मॅम?" कोच म्हणाला.

"आय होल्ड," मी म्हटलं आणि बसले. सुजाताचे कान लाल झाले होते. "आई, प्लीज..." असं काहीतरी म्हणाली. मी बॉलवर बोट ठेवलं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.