दुमडलेलं टोक

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी कचऱ्याचा डबा आहे, पण तो इतका लहान आहे की पाहुणे त्यात पेन ठेवतात. मी स्वतः एकदा त्यात चहाचा चमचा ठेवला होता आणि संध्याकाळभर बोलणी खाल्ली होती. त्यात कचराही फारसा नसतो. आठवडाभरात तो निम्मा भरला तर ती चौकशी लावते, कुणी काय टाकलं, का टाकलं, दुसरं काही करता आलं नसतं का. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, महिन्यातला आठवडाभरच घरी असतो, आणि माझा अंदाज आहे की त्याला ते बरंच पडत असावं.

आम्ही तिला 'धुवा-वाळवा' म्हणतो. नाव मीच ठेवलं. पिशवी रिकामी झाली की तिच्याकडे ती उलटी होते, धुतली जाते आणि बाल्कनीतल्या दोरीवर चिमट्याला लटकते. दोरी एकच, तिच्यावर कपडे आणि पिशव्या गुण्यागोविंदानं वाळतात. मी एकदा विचारलं, हे तू जग वाचवायला करतेस की निव्वळ चिकटपणा आहे? तर म्हणाली, "ताई, जे विकत आणलं नाही ते फेकावं लागत नाही. जगाचं जग बघेल."

आणि ही बाई दिवसभर काय करते, तर प्लास्टिक गुंडाळते. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात ती पॅकिंगला आहे. लोक घरबसल्या फोनवरून वस्तू मागवतात, त्या हिच्या टेबलावर येतात. ही त्यांना पिशवीत घालते, वर बबल रॅप, मग खोका, खोक्यात हवा भरलेल्या उशा, शेवटी टेप. दिवसाला चारशे खोके. साबणाच्या एका वडीचा इतका थाट की वडी आत शोधावी लागते. नाकापेक्षा मोती जड. कुठल्या वस्तूला किती थर, याचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे आणि त्यात आपली अक्कल चालवायची नाही. पहिल्या वर्षी तिनं चालवली होती. एका कपाला एकच थर दिला, कप फुटून परत आला, आणि सुपरवायझरनं ते तुकडे दिवसभर तिच्या टेबलावर मांडून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला.

एक गोष्ट मात्र ती आपल्या मनानं करते. टेप लावून झाली की तिचं टोक नखाएवढं आत दुमडते. म्हणजे उघडणाऱ्याला ते टोक धरून टेप सरळ ओढता येते, सुरी लागत नाही, खोका फाटत नाही, आतलं सगळं पुन्हा वापरता येतं. गोदामात दुसरं कुणीही हे करत नाही, कारण तिथं घड्याळ प्रत्येकीच्या मानगुटीवर बसलेलं असतं. मी म्हटलं, कोण बघतंय गं? म्हणाली, "उघडणारा बघेल." मी म्हटलं, उघडणारा खोका टराटरा फाडतो, मी पण तेच करते. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिच्या या सगळ्या उद्योगात तिला एकच भागीदार होती, तिची नऊ वर्षांची लेक. बाकी मुलं खेळणी ओळखतात, ही पिशव्या ओळखायची. "मावशी, ही बघ, ही मी पहिलीत असल्यापासून आहे." पिशवी झटकून, कोपरे जुळवून चिमटा लावायचं काम तिचं. घरातली टेपसुद्धा ती टोक दुमडूनच ठेवायची. ती शाळेत डबा न्यायची तो आइस्क्रीमचा, तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला आणलेला. सहा वर्षं धुऊन धुऊन त्यावरचं चित्र उडून गेलं होतं, पण झाकण अजून टक्कन बसायचं. पोरीला त्याचा अभिमान होता. मी नवा डबा देऊ केला तर तिनं मलाच ऐकवलं, "याला काय झालंय?"

मग शाळेनं प्लास्टिकमुक्तीचं मनावर घेतलं.

घरोघर चिठ्ठी आली: घरातलं प्लास्टिक शाळेत आणून जमा करा. ज्या वर्गाचा ढीग सर्वात मोठा, त्या वर्गाला बक्षीस. हे डोकं कुणी चालवलं ते मला अजून शोधून काढायचंय. मुलं पोती भरभरून घेऊन गेली. एका घरानं तर ढीग कमी पडू नये म्हणून दुकानातून बादल्या आणल्या, त्यांच्यावरचं लेबलही काढलेलं नव्हतं. त्या घराचं कौतुक झालं. आणि आमची पोर गेली चार पिशव्या घेऊन, कारण घरात दुसरं काही नव्हतंच. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "एवढंच? रोज वापरता ते पण द्यायचं असतं." सगळा वर्ग तिच्या बाकाकडे बघायला लागला. बाकावर डबा होता. तिनं त्यातलं जेवण झाकणावर काढून घेतलं, डबा नेऊन ढिगावर ठेवला, आणि जेवण झाल्यावर झाकणही. तिचा वर्ग तरीही दुसरा आला. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "तुझ्यामुळे हरलो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्या संध्याकाळी मी तिथंच होते. पोरीनं आईला विचारलं, "आपल्याकडे प्लास्टिक जास्त आहे की कमी?"

"कमी."

"मग मी का हरले?"

कचऱ्यावर तासभर बोलणारी धाकटी उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. दुसऱ्या दिवसापासून पोरीनं पिशव्या वाळत घालणं सोडलं. "मला नाही करायचं. सगळे हसतात." पिशव्या मोरीत ओल्या पडून राहायला लागल्या. धाकटीला डबा गेल्याचं दुःख नव्हतं, डबे मिळतात. पोरीचा तिच्यावरचा विश्वास उडत चालला होता, आणि तो कुठल्या दुकानात मिळत नाही. ती घरी चिडचिड करायला लागली, भांडी आपटायला लागली, मला फोनवर तेच तेच सांगायला लागली.

त्यात शाळेची दुसरी चिठ्ठी. प्रत्येक मुलानं शाळेचाच प्लास्टिकमुक्त संच घ्यायचा: स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, दातांचा लाकडी ब्रश आणि कापडी पिशवी. कापडी पिशवी मी जुन्या चादरीची शिवते, म्हणाली धाकटी. चालणार नाही, शाळेचं चिन्ह हवं, असं शाळेचं उत्तर आलं. दिवसभर उभं राहून तिच्या बुटांचे तळ गेले होते. नवे बूट तिनं पुढच्या महिन्यावर ढकलले आणि संच घेतला. त्याच आठवड्यात ती गोदामातून तणतणत आली होती. "लाकडी ब्रश, ताई. एकेका ब्रशला वेगळी पिशवी. झाकणाला वेगळी. माणसं वेडी झालीत." तेव्हाही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लाकडी ब्रश काय एकाच शाळेला लागतात? कापडी पिशव्या तर तिच्या टेबलावर चिन्ह आत दडेल अशा घडी घालूनच यायच्या.

शुक्रवारी पोर खोका घेऊन घरी आली. धाकटी नुकतीच कामावरून येऊन हात धूत होती. मी खोका तिच्या हातातून घेऊन जमिनीवर ठेवला. पोरीनं सवयीनं टेपवरून नख फिरवलं आणि ती थांबली.

"आई, याचं टोक दुमडलंय."

नळ बंद झाला. धाकटी बाहेर आली, अंगातल्या गोदामाच्या शर्टाला हात पुसत, आणि तशीच उभी राहिली. पोरीनं टोक धरून ओढलं. टेप एका दमात सरळ निघाली. आत डबा, त्याला पिशवी. झाकणाला वेगळी पिशवी. बाटलीला बबल रॅप, बुचाला पिशवी, ब्रशला पिशवी, कापडी पिशवीलासुद्धा चकचकीत पिशवी. मधे चार उशा. आणि एक गुळगुळीत कार्ड, प्लास्टिकचाच थर दिलेलं: प्लास्टिकला नाही म्हटल्याबद्दल आभार. पोरीनं सगळं मोजलं. कार्ड धरून अकरा.

"हे तू भरलंयस?"

"मीच," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांचे?"

"असतील. आम्हाला पत्ता दिसत नाही गं, तो पुढच्या टेबलावर चिकटवतात."

पोरीनं ते कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, सोमवारी शाळेत जायचं, ते अकराच्या अकरा त्यांच्या टेबलावर ठेवायचे. धाकटी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

सोमवारी तिनं अर्धी रजा टाकली. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या, त्यांनी खुर्च्या दिल्या. पोर दाराशी उभी राहिली. धाकटीनं पिशव्या टेबलावर मांडल्या, प्रत्येकीची घडी घातलेली.

"मॅडम, हे तुमच्या संचातून निघालं."

"अहो, ते पॅकिंग आहे," बाई म्हणाल्या. "ते आपण धरत नाही."

"माझ्या मुलीचा सहा वर्षांचा डबा तुम्ही धरलात."

"नियम सगळ्यांना सारखा असतो ना."

"तो डबा परत मिळेल?"

"ढीग त्याच दिवशी गाडीनं नेला. पुढचं आम्हाला नाही माहीत."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला कधी जमलंय ते? मी म्हटलं, "मॅडम, हे खोके माझ्या बहिणीनंच भरलेत. किती प्लास्टिक गेलंय ते तिला विचारा, तुम्हाला काय कळणार."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "एवढी तळमळ आहे तर मग तुम्हीच कशाला भरलंत?"

धाकटीनं पिशव्या गोळा केल्या, एकेक करून, आणि उठली.

रस्ताभर मी बडबडत होते, बाईंचा उद्धार करत होते. हात दाखवून अवलक्षण माझंच होतं, ते झाकायला दुसरं काय करणार. ती मधेच थांबली.

"ताई, बाई बरोबर बोलल्या. मीच भरलं." मग म्हणाली, "मला रडू येत नाहीये. राग येतोय. आणि काढू कुणावर ते कळत नाही. सुपरवायझरवर काढू तर त्याला तक्ता वरून येतो. बाईंवर काढू तर त्यांना चिठ्ठी वरून येते. मला एक माणूस दाखव ज्यानं हे ठरवलंय. मी त्याच्या दारात जाऊन बसते."

मला असा माणूस माहीत नव्हता. पोर आमच्या दोन पावलं पुढे चालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, शाळेतलंही आणि हेही.

घरी आल्यावर धाकटी खुर्चीत बसली ती बूट न काढता. पोरीनं तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि मोरीत गेली. पाण्याचा आवाज आला. मग ती बाल्कनीत आली, एकेक पिशवी झटकली, कोपरे जुळवले आणि दोरीवर लावायला लागली. त्या उशासुद्धा तिनं टाचणीनं टोचून, हवा काढून, धुऊन आणल्या होत्या. धाकटी उठून दारात जाऊन उभी राहिली.

"कशाला करतेस?" ती म्हणाली. आवाज चढलेला होता. "अकरा धुशील. मी उद्या चारशे खोके भरणार आहे. परवा चारशे. काही उपयोग नाही याचा, कळतंय का तुला?"

"माहितेय," पोर म्हणाली. मागे वळूनही तिनं पाहिलं नाही. "दोन चिमटे कमी पडतायत."

दोरीच्या टोकाला गोदामाचा निळा शर्ट वाळत होता. धाकटीनं त्याचे दोन्ही चिमटे काढून लेकीला दिले आणि ओला शर्ट हातात धरून तिथंच उभी राहिली.