वाघ नव्हता, डुक्कर होतं

"जरा चालून दाखवा, मॅडम."

शाळेचे अध्यक्ष खुर्चीत रेलून बसले होते. बाजूला फोटोग्राफर आणि ऑफिसातला क्लार्क. मी दारापासून टेबलापर्यंत चालले. डावा पाय ओढत.

"आता परत."

मी परत चालले. बैलबाजारात दावं धरून असंच फिरवतात.

"लंगडणं बरोबर दिसते," अध्यक्ष फोटोग्राफरला म्हणाले. "पण जखम? वाघाची जखम फोटोत आली पाहिजे न."

क्लार्क म्हणाला, "साहेब, ते साडीच्या आत आहे."

तिघेही हसले. मी फरशीकडे बघत उभी राहिले.

महिला दिनाला माझा सत्कार होता. बॅनर छापून आला होता : 'वाघाशी झुंजलेली आमची वाघीण'.

मी वाघ कधी पाहिलेलाच नाही.

आमचं गाव हायवेवरच्या जामजवळ. कापूस वेचायला आईसोबत गेले होते, भर दुपारी. नाल्याकाठच्या तुरीतून रानडुक्कर निघालं आणि सरळ माझ्यावर आलं. डरकाळी नाही, काही नाही. खाली पडले तेव्हा डावी मांडी फाटली होती. अंगावर त्याच्या चिखलाचा वास. आई किंचाळत, ढेकळं मारत धावली म्हणून मी आहे.

दवाखान्यात मामा आला. "कायनं मारलं वो हिले?" त्याने आईला विचारलं. आई तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "वाघ."

मामा गेल्यावर मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "डुक्कर म्हणशीन त लोक हसतीन. डुकरानं फाडलेली पोरगी कोणाले दाखवू मी?"

वाघानं मारलं तर मान मिळतो. डुक्कर ही शिवी आहे. एवढंच.

त्या एका शब्दात मी अडकले. अध्यक्षांच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी केजीला शिकवते, तिथली मुलं विचारायची, "टीचर, टायगरनी कसं पकडलं?" मी मोबाइलवर वाघांचे व्हिडिओ पाहून उत्तरं पाठ केली. नातेवाईक यायचे, मी तीच गोष्ट सांगायची. खरं झालेलं बोलायला जागाच उरली नाही. वाळका पाला खडखडला की मला उलटी होते, हे कोणाला सांगणार? दुखणं माझं होतं, जनावर बाबांनी दिलेलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी शेजारची काकू विळा घेऊन निघालेली दिसली. हरभरा सोंगायला. त्याच नाल्याकाठी.

"काकू, एकटी नको जाऊ."

"काऊन वो? वाघ त बोरच्या जंगलात गेला म्हणते."

"डुकरं आहेत."

"डुकराले कोण भेते? हाकललं का पयते. तुले त वाघानं धरलं होतं, बाई. तुही गोष्ट अलग आहे."

ती हसत गेली. मी तिथेच उभी. बाबांचं खोटं माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. माझ्या तोंडून ते गावभर फिरलं होतं, आणि आता ही बाई त्याच्या भरवशावर नाल्याकडे चालली होती.

कार्यक्रमात शाल दिली, नारळ दिला. अध्यक्षांनी मला वाघाच्या जबड्यातून ओढून काढलं, भाषणात. मी फक्त आभार मानायचे, तेही इंग्रजीतून, असं ठरलं होतं. समोर पालक. मागच्या ओळीत नातवाला घेऊन काकू.

मी माइक घेतला.

"वाघ नव्हता," मी म्हणाले. "डुक्कर होतं."

आधी कोणालाच कळलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, डुक्करवाली निघाली!" सगळा मांडव हसला.

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला. "बेटा, काय बोलून राह्यली? बॅनर वाच न."

मी त्यांचा हात बाजूला केला. या शाळेत वऱ्हाडी बोललं की मुलांना शिक्षा म्हणून उभं करतात. मी वऱ्हाडीत बोलले. "काकू, मले डुकरानं फाडलं. ते डुकरं नाल्यातच आहेत. एकटी जाऊ नको."

लोक आणखी हसले. काकूने तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की नाही, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. "स्टेजवर घाबरले, चुकून बोलले, असं पालकांना सांगा."

"नाही."

"मग उद्या कायले येता?"

"शिकवायला."

अजून त्यांनी काढलेलं नाही. काढतील. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जामच्या चौकात पोरं माझ्यामागे डुकरासारखा आवाज काढतात. पूर्वी मी मान खाली घालून भरभर निघाले असते. आता भरभर चालता येत नाही, आणि मान खाली घालायची नाही.

एक स्थळ मोडलं. आणखी मोडतील. मोडू देत. हा पाय घेऊन पुढची सगळी वर्षं मला चालायची आहेत. तो कशानं असा झाला, हे मी सांगणार. बाबा नाही, अध्यक्ष नाही. मी.