खांबाला करवत

हिर्डोशीकडच्या एका वाडीत आम्ही नवरा-बायकोनं जुनं घर घेतलं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून ते स्वतःच दुरुस्त करायला काढलं. रोज सकाळी एक म्हातारबाबा म्हशी घेऊन दारावरून जायचे. खांद्यावर आडवी काठी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले. क्षणभर थांबायचे, माझं काम निरखायचे आणि "चालू द्या" म्हणून पुढं व्हायचे. मी ते कौतुक समजत होतो.

माजघरातला लाकडी खांब माझ्या सोफ्याच्या आड येत होता. हलवून पाहिला तर जरा डुगडुगला. म्हणजे त्याच्यावर भार नाही, असं ठरवून मी करवत लावली. निम्मा कापून झाला तेव्हा बाबा दारात आले. त्यांनी खांब खालून वर, पार छपराच्या आढ्यापर्यंत पाहिला.

"बाई कुठं हायत?"

"आतल्या खोलीत, रंग देतेय."

"आदी त्यास्नी भाईर बोलवा. तुमी सावकास या."

आवाज जराही चढला नव्हता. बायको बाहेर आल्यावर त्यांनी परसात पडलेला वासा आणला, आढ्याखाली ठोकून बसवला आणि म्हशींमागं निघून गेले. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. विचारायला गेलो तर खांबाची चौकशी करतील, ही धास्ती.

खांब पट्ट्या मारून तिथंच उभा आहे. जुनेपण जपायला मुद्दाम ठेवलाय, असं मी पाहुण्यांना सांगतो. मात्र मी साधा स्क्रू ड्रायव्हर जरी हातात घेतला, तरी बायको न बोलावता अंगणात जाऊन उभी राहते.